एक मासा, एक कार्ड: नदी-खाडीतल्या माशांची वाढ, आहार आणि प्रजनन अभ्यासण्याची पद्धत

नदीतल्या किंवा खाडीतल्या एखाद्या माशाचा अभ्यास करायला घेतला की बहुतेक जण कामाचे तीन तुकडे पाडतात. एका हंगामात वाढ, दुसऱ्या हंगामात आहार आणि सवड मिळाली तर प्रजनन. नमुने वेगळे, जाळी वेगळी, कधी मोजणारी माणसेही वेगळी. शेवटी तिन्ही प्रकरणे एका प्रबंधात शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

माशाच्या पोटात मात्र जागा एकच असते. गाभोळी फुगली की आतडे दबते आणि खाणे कमी होते. साठवलेली चरबी अंड्यांत उतरते. अंडी टाकली की वजन घसरते, आणि या ओढाताणीची खूण खवल्यावर किंवा माशाच्या कानातल्या चुनखडीसारख्या खड्यावरही उमटू शकते. तेव्हा तिन्ही नोंदी एकाच माशाच्या, एकाच कार्डावर आणि शक्यतो एकाच बैठकीत झाल्या पाहिजेत. पुढची सगळी पद्धत याच आग्रहावर उभी आहे.

आधी मासा कुठला रहिवासी आहे ते ठरवा

नदीतला प्रत्येक मासा नदीचा नसतो, आणि खाडीत तर पाहुण्यांचीच गर्दी जास्त. रोहू, कटला, मृगळ यांचे सगळे आयुष्य गोड्या पाण्यात जाते. हिलसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत वर चढतो. जिताडा उलट वागतो: पिल्ले खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतात, प्रजननासाठी मात्र मासा नदीमुखाच्या खाऱ्या पाण्याकडे उतरतो. बोय खाडीत खाऊन मोठी होते आणि अंडी समुद्रात टाकते. कालुंदर निमखाऱ्या पाण्यातच राहते आणि तिथेच पिल्लांची राखण करते.

हे आधी माहीत नसेल तर निष्कर्ष हमखास चुकतो. खाडीत वर्षभर जाळे टाकून बोयीची पूर्ण पिकलेली मादी जवळजवळ मिळाली नाही, तर त्यात नमुन्याचा दोष नाही. ती मादी तेव्हा तिथे नसते. नदीतल्या वाम माशांचेही तसेच. त्यांच्या जननग्रंथी गोड्या पाण्यात पूर्ण पिकतच नाहीत. युरोपीय वाम पार सारगासो समुद्रात जाऊन अंडी घालते, हे योहानेस श्मिट यांनी १९२० च्या दशकात लहानातल्या लहान अळ्यांचा माग काढत दाखवले.

म्हणून पहिले काम कागदावरचे. तुमच्या जातीचा जीवनक्रम वाचून काढा आणि कोणत्या वयाचा, कोणत्या लिंगाचा मासा कोणत्या महिन्यात कुठे असायला हवा याचा कच्चा तक्ता बनवा. मत्स्यविभागाची लेखी परवानगी याच टप्प्यावर घ्या. जात संरक्षित यादीत असेल तर मासा मारण्याचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी खवले, फोटो, लांबी-वजन आणि नळीने पाणी सोडून जठर धुऊन काढलेले अन्न एवढ्यावर काम भागवायचे. हात बसला असेल तर बरीच माहिती तेवढ्यातूनही निघते.

जाळे, पाणी आणि बर्फ

किमान सलग बारा महिने नमुने हवेत. दोन प्रजनन हंगाम हाती लागले तर उत्तम, कारण एखाद्या वर्षी पूर उशिरा येतो आणि सगळे वेळापत्रक पुढे सरकते.

खाडीत तीन ठिकाणे धरा: गोड्या पाण्याचा वरचा भाग, मधला निमखारा पट्टा आणि मुखाजवळचा भाग. हजार भागांत ०.५ पेक्षा कमी मीठ असले तर पाणी गोडे, ०.५ ते ३० असले तर निमखारे. खुल्या समुद्रात हा आकडा ३५ च्या आसपास असतो. मात्र क्षारता पृष्ठभागावर मोजून थांबू नका. खारे पाणी जड असते. ते तळाशी पाचरीसारखे आत शिरते आणि वरून गोडे पाणी वाहत राहते. तळाजवळ फिरणारा मासा तुमच्या वरच्या मापापेक्षा कितीतरी खाऱ्या पाण्यात असू शकतो. वरचे आणि तळाचे तापमान आणि क्षारता, असे चारही आकडे लिहा.

दर महिन्याला भरती-ओहोटीची तीच अवस्था पकडा. एका महिन्यात उधाण आणि पुढच्यात भांग (कमी चढउताराची भरती) असे झाले तर तुम्ही मोजलेला फरक माशाचा की पाण्याचा, हे कधीच सुटणार नाही. उधाणात बरेच मासे पाण्याबरोबर खारफुटीत आणि चिखलाच्या पट्ट्यांवर चरायला शिरतात. त्यामुळे पोटातले अन्नही बदलते.

जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाच्या मापाचा, प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित राहतो. गिल जाळी ठरावीक जाडीचाच मासा अडकवते. बारीक मासा आरपार जातो, मोठा डोकेही घालत नाही. एकाच आसाच्या जाळ्यावर वर्ष काढले तर तुम्हाला माशाची वाढ दिसत नाही, जाळ्याची निवड दिसते. तीन-चार वेगवेगळ्या आसांची जाळी लावा आणि पिल्लांसाठी बारीक आसाचे ओढजाळे किंवा पाग वापरा. कोणता मासा कोणत्या आसात मिळाला हे कार्डावर असलेच पाहिजे.

आहारासाठी वेळ महत्त्वाची. रात्रभर लावलेले जाळे सकाळी काढले तर संध्याकाळी अडकलेल्या माशाचे जेवण पचून गेलेले असते, आणि पाणी कोमट असेल तर फारच लवकर. जाळे तासा-दोन तासांनी तपासा. मासा निघाला की लगेच बर्फात ठेवा, थंडीत पचन मंदावते. सापळ्यात किंवा डोल जाळ्यात कोंडलेले मासे तिथल्या तिथे एकमेकांना खातात. पोटात अगदी ताजा, खवलेही न सुटलेला मासा दिसला तर ही शंका मनात ठेवा आणि तशी नोंद करा.

टेबलावरचा क्रम

इथे क्रम चुकला की पुरावा नष्ट होतो.

मासा टिपकागदाने कोरडा करा. एकूण लांबी म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची. प्रमाण लांबी शेपटीचा पर सुरू होतो तिथे संपते. दोन्ही मिलिमीटरमध्ये घ्या, कारण शेपटी तुटलेले मासे नेहमीच येतात आणि तेव्हा प्रमाण लांबीच कामाला येते. मग वजन.

पाठीच्या पराखालून, पार्श्वरेषेच्या (अंगाच्या बाजूने शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेच्या) वरच्या भागातून आठ-दहा खवले काढून पाकिटात घाला. पाकिटावर कार्डाचा क्रमांक टाका, नुसती तारीख पुरत नाही.

पोट गुदद्वाराकडून पुढे कापा. कात्रीचे बोथट टोक आतल्या बाजूला ठेवा, नाहीतर आतडे फाटते. आधी जननग्रंथी काढून वजन करा आणि तिचा रंग, शिरा, पोटाच्या पोकळीचा किती भाग व्यापला हे तिथल्या तिथे लिहा. एका तासात रंग बदलतो. मग आतडे सरळ करून लांबी मोजा. ताणू नका, ताणले की ते हवे तेवढे लांब होते. यकृताचे वजन घ्या. पोटातली चरबी शून्य ते तीन अशा अंदाजी गुणांत लिहा. या दोन नोंदींचा पुढे फार उपयोग होतो.

शेवटी ओटोलिथ, म्हणजे कानातले खडे. कवटीच्या खालच्या बाजूने, कल्ले बाजूला सारून किंवा डोक्याला वरून आडवा छेद देऊन ते काढतात. प्रत्येक बाजूला तीन खडे असतात: सॅजिटा, लॅपिलस आणि ॲस्टेरिस्कस. जिताडा, बोय यांच्यात सॅजिटा मोठा. रोहू-कटल्याच्या कार्प कुळात मात्र सॅजिटा सुईसारखा बारीक असतो आणि ॲस्टेरिस्कस किंवा लॅपिलस वापरावा लागतो. पुस्तकातले चित्र समुद्री माशाचे, हातात कार्प, आणि खडा सापडेना म्हणून हैराण झालेले विद्यार्थी दर वर्षी दिसतात.

हे सगळे झाल्यावरच फॉर्मालिनची बाटली उघडा. ओटोलिथ कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि फॉर्मालिन हळूहळू आम्ल होते. आख्खा मासा महिनाभर त्यात ठेवला तर खडा विरघळायला लागतो. फॉर्मालिनमध्ये मासा आकसतोही, म्हणून लांबी ताज्या माशाचीच घ्या. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मालिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिळून दहा टक्क्यांचे द्रावण होते. ते कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, बाटलीवर चिठ्ठी लावा. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागच्या काट्याचीही काळजी घ्या. तो टोचला की दिवस जातो.

वाढ

सुरुवात लांबी-वजनाच्या नात्यापासून होते: वजन = अ × लांबी^ब. दोन्ही बाजूंचे लॉग घेतले की सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार म्हणजे ब. मासा सगळ्या बाजूंनी सारखा वाढत असेल तर ब बरोबर ३ येतो. बहुतेक जातींत तो २.५ ते ३.५ यांच्या मध्ये असतो. तुमचा ब १.९ किंवा ४.२ आला तर जीवशास्त्रीय शोध लागला असे समजू नका. एखादा दशांश चुकला असेल, लहान मासे मिळाले नसतील किंवा दोन जाती मिसळल्या असतील. ब हा ३ पेक्षा खरोखर वेगळा आहे का, ते ब मधून ३ वजा करून प्रमाण त्रुटीने भागले की टी-चाचणीतून कळते. नर, मादी आणि पिल्ले यांच्या रेषा वेगवेगळ्या काढा.

अंगकाठीचा अंदाज फुल्टनच्या गुणांकाने येतो: वजनाला लांबीच्या घनाने भागून शंभराने गुणायचे. २५ सेंटिमीटरचा मासा १८० ग्रॅमचा असेल तर १८,००० भागिले १५,६२५, म्हणजे १.१५. ब हा ३ च्या जवळ नसेल तर हा आकडा लांबीप्रमाणे आपोआप वर-खाली होतो. अशा वेळी ले क्रेन यांनी १९५१ मध्ये मांडलेला सापेक्ष गुणांक घ्या: प्रत्यक्ष वजन भागिले त्या लांबीला वरच्या समीकरणातून येणारे अपेक्षित वजन. दोन्ही गुणांक काढताना जननग्रंथी आणि पोटातले अन्न वजा केलेले वजन वापरा. नाहीतर गाभोळीचे वजन अंगाचे म्हणून मोजले जाते आणि प्रजननापूर्वी मासा तब्येतीने उत्तम असल्याचा भास होतो.

वयाचा प्रश्न कठीण आहे, विशेषतः उष्ण पाण्यात. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ थांबते आणि खवल्यावर आणि खड्यावर झाडाच्या खोडासारखे वर्षाला एक वलय उमटते. उष्ण नद्यांत थंडीचा तेवढा जोर नसतो. तिथे वलय पुरामुळे, उपासामुळे किंवा अंडी घालण्याच्या ताणामुळे पडते आणि वर्षाला दोनही पडू शकतात. म्हणून वलये मोजण्याआधी ती किती वेळा पडतात हे सिद्ध करा. शेवटच्या वलयापासून कडेपर्यंतचे अंतर दर महिन्याला अनेक माशांत मोजा आणि सरासरी आलेखावर मांडा. हे अंतर वाढत जाऊन वर्षातून एकदाच कोसळले तर वलय वार्षिक. दोनदा कोसळले तर वलयांच्या संख्येला दोनने भागा. ही पायरी गाळून दिलेले वय मी तरी धरत नाही.

खवल्यातही फसवणूक असते. एकदा गळून पुन्हा उगवलेल्या खवल्याचा मधला भाग धूसर, रेषा नसलेला असतो. तो फेकून द्या. दोन वाचकांनी एकमेकांचे उत्तर न पाहता वलये मोजावीत. फार लहान पिल्लांसाठी ओटोलिथमधली रोजची वलये कामाची, जी जॉर्जो पॅनेला यांनी १९७१ मध्ये दाखवून दिली. खडा घासून पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजला की पिल्लू किती दिवसांचे ते कळते, आणि मागे मोजत गेले की जन्मतारीखही. ती तारीख अमावास्येच्या की पौर्णिमेच्या आसपास पडते, हे खाडीतल्या माशांत पाहण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेची सोय असेल तर ओटोलिथमधले स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांचे गुणोत्तर केंद्रापासून कडेपर्यंत मोजून घ्या. समुद्राच्या पाण्यात हे गुणोत्तर सहसा नदीपेक्षा जास्त असते, त्यामुळे मासा आयुष्यात केव्हा खाऱ्यात होता आणि केव्हा गोड्यात आला हे खडाच सांगतो.

वय वाचता येत नसेल तर लांबीच्या वितरणाकडे वळा. पीटरसन यांनी १८९० च्या दशकात रूढ केलेली ही कल्पना साधी आहे: दर महिन्याला लांबीचा स्तंभालेख काढा आणि पिल्लांच्या गटाचे शिखर कसे उजवीकडे सरकते ते पाहा. त्याची संगणकीय आवृत्ती एलिफॅन, जी डॅनिएल पॉली आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. आता आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेतल्या ट्रॉपफिशआर या पॅकेजने हे काम फुकटात होते. दर महिन्याला शंभरेक मासे नसतील तर शिखरे भासमान असतात, आणि मोठ्या वयाचे गट एकमेकांत मिसळून जातात. या पद्धतीचा भरवसा पहिल्या एक-दोन वर्षांपुरता धरा.

वय आणि लांबी हाती आल्यावर फॉन बर्टालन्फी यांचे १९३८ चे समीकरण बसवा: लांबी = कमाल लांबी × (१ − ई^(−वेग × (वय − शून्यवय))). शून्यवय म्हणजे समीकरणात लांबी शून्य येते ते वय. समजा कमाल लांबी ६० सेंटिमीटर, वेग ०.४ आणि शून्यवय शून्य. पहिल्या वर्षअखेर मासा १९.८, दुसऱ्या वर्षी ३३.०, तिसऱ्या वर्षी ४१.९ सेंटिमीटर होतो. दर वर्षीची भर १९.८, १३.२, ८.९ अशी उतरत जाते. वेग म्हणजे सेंटिमीटरमधली वाढ असा गैरसमज सर्रास आढळतो. कमाल लांबीकडे मासा किती घाईने पोचतो, एवढेच तो आकडा सांगतो. नमुन्यात मोठे मासे नसतील तर कमाल लांबी आणि वेग हे दोन्ही एकमेकांना भरकटवतात. संगणक उत्तर देतो, पण त्याला अर्थ नसतो.

आहार

आधी माशाच्या अंगाकडे बघा. तोंड वर वळलेले, खाली वळलेले की टोकाशी? कल्ल्यांच्या आतले दाते बारीक आणि दाट असतील तर मासा प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) गाळून खाणारा, आखूड आणि विरळ असतील तर भक्ष्य पकडणारा. आतड्याची लांबी भागिले अंगाची लांबी: मांसाहारी माशांत साधारण १ पेक्षा कमी, मिश्राहारीत १ ते ३, वनस्पती आणि गाळ खाणाऱ्यांत ३ पेक्षा जास्त. मरळीचे आतडे आखूड, मृगळीचे गुंडाळ्यांवर गुंडाळ्या. पोट उघडण्याआधीच निम्मे उत्तर इथे मिळते.

कार्प कुळातल्या माशांना खरे जठरच नसते. त्यांच्यात आतड्याचा पुढचा फुगीर भाग घ्या. मागच्या भागात सगळे एकजीव झालेले असते. बोयीचे जठर कोंबडीच्या पेषणीसारखे जाड, स्नायूंचे असते आणि त्यात वाळूचे कण भरलेले असतात. ही वाळू दळण्याच्या कामाची. तिला अन्नाच्या घनफळात धरू नका, पण नोंद ठेवा.

पोट किती भरले ते रिकामे, पाव, अर्धे, पाऊण, पूर्ण आणि ताणलेले अशा पायऱ्यांत लिहा. रिकामी पोटे टाकून देऊ नका. त्यांची टक्केवारी हा निष्कर्ष आहे. मग अन्न बशीत पसरून जमेल तितके खालच्या पातळीपर्यंत ओळखा: डायाटम (सूक्ष्म शैवाल), कोपेपॉड (बारीक कवचधारी प्राणी), कोळंबीचे तुकडे, कीटकांच्या अळ्या, माशांचे खवले. फीतकृमी आणि सूत्रकृमी हे परजीवी आहेत, त्यांना अन्नाच्या यादीत बसवू नका.

मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीत खोट आहे. संख्या मोजली तर बारीक जीव जिंकतात, घनफळ मोजले तर एखादा मोठा घास सगळे झाकून टाकतो, आणि किती पोटांत सापडले एवढेच पाहिले तर किती खाल्ले ते कळत नाही. म्हणून १९७१ मध्ये पिंकस आणि सहकाऱ्यांनी सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक सुचवला: (संख्येची टक्केवारी + घनफळाची टक्केवारी) × आढळाची टक्केवारी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोपेपॉड संख्येने ९२ टक्के, घनफळाने ६, आढळ ३० टक्के पोटांत: ९८ × ३० = २,९४०. कोळंबी संख्येने ५, घनफळाने ५५, आढळ ६०: ६० × ६० = ३,६००. लहान मासे संख्येने ३, घनफळाने ३९, आढळ २५: ४२ × २५ = १,०५०. बेरीज ७,५९०, वाटा अनुक्रमे ३८.७, ४७.४ आणि १३.८ टक्के. नुसती संख्या पाहून तुम्ही या माशाला प्लवकभक्षी म्हटले असते.

गाळ आणि शैवाल खाणाऱ्या माशांत कण मोजणे वेडेपणाचे आहे. तिथे घनफळ आणि आढळ यांच्या गुणाकारावर आधारलेला नटराजन आणि झिंगरन यांचा १९६१ चा प्राबल्य निर्देशांक वापरा.

किती पोटे पुरेत? पोटांची संख्या आडव्या अक्षावर, तोवर सापडलेले अन्नप्रकार उभ्या अक्षावर. रेषा सपाट झाली की पुरे. पण हा आलेख प्रत्येक आकारगटासाठी वेगळा काढावा लागतो, कारण पिल्लू आणि प्रौढ यांचे जेवण क्वचितच सारखे असते. मरळीचे पिल्लू प्लवक खाते, मग कीटक, शेवटी मासे. सगळ्या आकारांची सरासरी काढलेला आहार कोणत्याच माशाचा नसतो.

मासा आवडीने खातो की मिळेल ते, हे ठरवायचे असेल तर त्याच दिवशी पाण्यातले प्लवक आणि तळाचा गाळही गोळा करा. इव्हलेव्ह यांचा निवड निर्देशांक म्हणजे (पोटातला वाटा − पाण्यातला वाटा) भागिले दोन्हींची बेरीज. तो −१ ते +१ असा फिरतो. धन म्हणजे शोधून खाल्ले, ऋण म्हणजे टाळले किंवा गवसले नाही.

शेवटच्या जेवणापलीकडचे बघायचे असेल तर स्नायूतल्या नायट्रोजन-१५ चे, म्हणजे नायट्रोजनच्या जड रूपाचे, प्रमाण मोजतात. अन्नसाखळीत एक पायरी वर गेले की ते सरासरी ३.४ सहस्रांशाने वाढते. खाडीत मात्र नदीचा आणि समुद्राचा पाया, म्हणजे साखळीच्या तळाचे प्रमाण, वेगळा असतो, तेव्हा तुलनेसाठी त्याच ठिकाणचे शिंपले किंवा गोगलगायी घ्याव्याच लागतात.

प्रजनन

उघड्या डोळ्यांनी जननग्रंथीच्या पाच अवस्था पुरतात: अपक्व, वाढती, पक्व, वाहती, रिकामी. वाहत्या अवस्थेत पोट हलके दाबले तरी अंडी किंवा पांढरा द्राव येतो. रिकामी ग्रंथी लुळी, लालसर, रक्ताळलेली दिसते. गोंधळ होतो तो विश्रांतीतला प्रौढ आणि कधीच न पिकलेला तरुण मासा यांच्यात. दोघांची ग्रंथी सारखीच दिसते. दर महिन्याच्या काही ग्रंथींचे पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

ग्रंथी निर्देशांक म्हणजे ग्रंथीचे वजन भागिले अंगाचे वजन, गुणिले शंभर. फक्त प्रौढ माशांचा, नर-मादी वेगळे, महिनावार आलेख काढा. चढण म्हणजे पिकणे, कोसळणे म्हणजे अंडी टाकणे. चढण लांबच लांब पठारासारखी राहिली तर मासा अंडी हप्त्यांनी टाकतो असा संशय घ्या.

तो संशय अंड्यांच्या व्यासातून तपासा. गाभोळीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातून अंडी घेऊन निदान शंभर-दोनशे व्यास मोजा. मोठ्या अंड्यांचा एकच वेगळा गट दिसला तर एकदाच अंडी घालणारा. लहानपासून मोठ्यापर्यंत सलग साखळी असली तर हप्त्यांनी.

एकदाच घालणाऱ्या माशाची अंडी मोजणे सोपे. समजा गाभोळी ४२ ग्रॅमची, तिच्यातून घेतलेल्या ०.२ ग्रॅमच्या नमुन्यांत सरासरी ३१० पक्व अंडी. मग ३१० × ४२ भागिले ०.२, म्हणजे ६५,१०० अंडी. हप्त्यांनी घालणाऱ्यात हेच गणित खोटे ठरते. तिथे पाणी शोषून पारदर्शक झालेली, आत्ताच्या हप्त्याची अंडी मोजायची आणि हंगामात किती हप्ते होतात याचा वेगळा अंदाज घ्यायचा.

आकडा मोठा म्हणजे मासा यशस्वी, असे नाही. हिलसा आणि बोय लाखांनी अंडी सोडतात आणि विसरतात. शिंगाळ्याच्या कुळात अंडी थोडकी, पण एक सेंटिमीटरपेक्षाही मोठी, आणि नर ती तोंडात उबवतो. त्या काळात तो जेवत नाही. आहाराच्या तक्त्यात नरांची रिकामी पोटे एकाच महिन्यात का वाढली, याचे उत्तर इथे असते. म्हणून पोट उघडण्याआधी तोंड उघडा.

पहिल्या परिपक्वतेची लांबी म्हणजे ज्या लांबीला निम्मे मासे प्रौढ असतात ती. आकारगटांतली प्रौढांची टक्केवारी घेऊन त्यावर लॉजिस्टिक (इंग्रजी S सारखा) वक्र बसवा. हे गणित फक्त प्रजनन हंगामातल्या नमुन्यांवर करा, नाहीतर विश्रांतीतले मोठे मासे अपक्व गणले जातात आणि लांबी फुगते. जाळ्याचा आस किती ठेवावा हे या आकड्यावर ठरते, तेव्हा इथली चूक प्रबंधापुरती राहत नाही.

नर-मादी प्रमाण काय-वर्ग चाचणीने तपासतात. एक-एक प्रमाण गृहीत धरून उत्तर ३.८४ च्या वर गेले तर फरक खरा मानतात. पण जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्याच्या लहान माशांत नरच नर, मोठ्यांत माद्याच माद्या. एकूण बेरजेचे प्रमाण काहीही आले तरी ते जाळ्याच्या आसाचे प्रतिबिंब असते. प्रमाण आकारगटांनुसार मांडा.

ग्रंथी पिकणे आणि अंडी सुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत. रोहू-मृगळीच्या माद्या साचलेल्या तळ्यातही पिकतात, पण पुराचे वाहते, गढूळ पाणी मिळाल्याशिवाय अंडी सोडत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून ही अडलेली शेवटची पायरी तळ्यात उघडली. नदीवरच्या अभ्यासात म्हणूनच पावसाचा, पुराच्या पातळीचा आणि क्षारतेचा आलेख ग्रंथी निर्देशांकाच्या खाली त्याच अक्षावर काढावा. बंधाऱ्यामुळे पूर आलाच नाही अशा वर्षी माद्या पिकून, अंडी न टाकता, ती अंगातच जिरवतात. छेदात अशी विरघळणारी अंडी ओळखू येतात.

तिन्ही रेषा एका कागदावर

आता कार्डांचा उपयोग. आडव्या अक्षावर बारा महिने घ्या. वर ग्रंथी निर्देशांक, त्याखाली ग्रंथीरहित अंगकाठी, त्याखाली रिकाम्या पोटांची टक्केवारी, यकृताचा वाटा, चरबीचे गुण आणि शेवटी खवल्याच्या कडेचे अंतर.

ग्रंथी चढत असताना चरबी आणि यकृत उतरत असतील तर मासा साठवणीवर अंडी पिकवतो. दोन्ही टिकून असतील तर रोजच्या खाण्यावर. चरबी उतरते आहे आणि पोटेही रिकामी आहेत, तर तो उपाशी चढणारा प्रवासी असू शकतो. मग वरच्या ठिकाणचे मासे खालच्यांपेक्षा हडकुळे आहेत का ते बघा. खवल्याच्या कडेचे अंतर कोसळते तो महिना आणि ग्रंथी कोसळते तो महिना एकच असेल, तर वलय प्रजननाचे आहे. तसे असेल तर अपक्व माशांत ते दिसायला नको. कार्डे काढून लगेच तपासा. अपक्वांतही दिसले तर कारण पुराचे किंवा उपासाचे.

अशी तपासणी सरासऱ्यांच्या तक्त्यावरून होत नाही, तिला तोच मासा लागतो. म्हणून संगणकात प्रत्येक मासा एका ओळीत भरा, महिन्याची सरासरी साठवू नका. ओटोलिथ कोरड्या कुपीत ठेवा, खवले पाकिटात, ग्रंथीचे तुकडे सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, आणि सगळ्यांवर कार्डाचा तोच क्रमांक पेन्सिलीने लिहा. अल्कोहोल सांडले की शाई पुसली जाते.